ज्यांची तबकडी निघाली नाही

(पडद्यावर मेम्फिस शहराचे जुने रस्ते. मागे बँजोचे सूर.)

सन १९६३. अमेरिकेत रेडिओ लावला की ‘वॉक राइट इन’ हे गाणं हमखास कानावर पडायचं. रूफटॉप सिंगर्स या गोऱ्या गायकांच्या त्रिकुटाने ते गायलं होतं आणि लोकप्रियतेच्या यादीत ते थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं होतं. मूळ गाणं मात्र गस कॅनन यांच्या बँडचं होतं, १९२९ साली तबकडीवर आलेलं. हे कॅनन मेम्फिसमध्येच राहत होते. ऐंशीच्या घरात पोहोचले होते. आणि हिवाळ्यात घर गरम ठेवायचा खर्च भागेना म्हणून त्यांनी आपला बँजो गहाण टाकला होता.

मिसिसिपीतल्या गरीब कृष्णवर्णीय घरात जन्मलेल्या कॅनननी लहानपणी पहिला बँजो स्वतःच तयार केला होता, फ्राइंग पॅनवर रॅकूनचं कातडं ताणून. १९२७ मध्ये ‘बँजो जो’ या नावाने त्यांच्या तबकड्या निघाल्या. म्हणजे ते तसे नशीबवानच. त्यांचा आवाज कुठेतरी नोंदला गेला होता, म्हणून १९६३ साली ते गाणं त्यांचं आहे हे सांगता तरी आलं. मेम्फिसच्याच स्टॅक्स कंपनीने मग त्यांची एक लाँग प्ले तबकडीही काढली.

आजची ही गोष्ट मुख्यतः त्यांच्यासारख्या, पण ज्यांची तबकडी निघालीच नाही अशा वादकांची.

(बँजोचं जवळून दृश्य. कातडं, खुंट्या, मग पाचवी तार.)

आधी एक खुलासा करायला हवा. गणपतीच्या मिरवणुकीत कळा दाबून वाजवतात तो आपला बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरात तयार झालेलं ताइशोगोतो हे वाद्य आपल्याकडे बुलबुल तरंग झालं आणि पुढे बेंजो. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं फक्त नावापुरतं नातं.

अमेरिकेतल्या बँजोला गोल चौकटीवर ताणलेलं कातडं असतं, लांब दांडी असते आणि तारा पाच. त्यांतली पाचवी नीट पाहा. ती इतरांपेक्षा आखूड आहे. तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसून मध्येच, बाजूला बसवलेली आहे. तिच्यावर बोटांनी सूर बदलत नाहीत. अंगठा तिला अधूनमधून छेडत राहतो आणि तिचा एकच सूर सगळ्या धुनेखालून वाजत राहतो, शाहिराच्या मागे तुणतुणं वाजावं तसा. बँजोचा जीव या आखूड तारेत आहे, आणि ती तार आफ्रिकेतून आली.

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून कॅरिबियन बेटांवर नेलेल्या माणसांनी सतराव्या शतकात हे वाद्य घडवलं. भोपळ्याचं भांडं, त्यावर कातडं, त्याला दांडी. हॅन्स स्लोन हा आयर्लंडमध्ये जन्मलेला डॉक्टर १६८७ साली जमैकात गेला होता. त्याने १७०७ मध्ये छापलेल्या ग्रंथात अशा वाद्यांचं चित्र आहे. पुढे टॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं की कृष्णवर्णीयांचं खास वाद्य म्हणजे बँजार, ते त्यांनी आफ्रिकेतून आणलं. जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते, तेव्हा हे वाद्य त्यांनी आपल्याच शेतमळ्यावर ऐकलं असणार.

(सेनेगाल-गॅम्बियाच्या किनाऱ्यावरची भातशेती. आकोंटिंग वाजवणारे हात.)

सेनेगाल, गॅम्बिया आणि गिनी-बिसाऊ या भागात जोला नावाचा समाज राहतो, भातशेती करणारा. त्यांच्याकडे आकोंटिंग हे तीन तारांचं वाद्य आहे. भोपळा, कातडं, आणि एक तार आखूड. गॅम्बियाचे डॅनियल जट्टा शिक्षणासाठी अमेरिकेत गेले असताना त्यांनी बँजो ऐकला आणि वडील घरी वाजवायचे ते आकोंटिंग त्यांना आठवलं. पुढे त्यांनी हे साम्य जगापुढे मांडण्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षं दिली. साम्य नुसतं बांधणीत नाही. आकोंटिंग वाजवताना तर्जनीचं नख तारेवर वरून खाली आपटतं आणि लगेच अंगठा आखूड तारेवर पडतो. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागात बँजो वाजवायची जी जुनी पद्धत आहे, जिला क्लॉहॅमर म्हणतात, तिच्यात हात अगदी असाच चालतो. गुलामांच्या जहाजात वाद्यं सोबत नेता आली असोत वा नसोत, हाताची ही चाल समुद्र ओलांडून गेली.

मग हे वाद्य गोऱ्यांचं कसं झालं?

एकोणिसाव्या शतकात व्हर्जिनियाचा जोएल स्वीनी हा गोरा कलावंत तोंडाला काळं फासून बँजो वाजवू लागला. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये अशा कलावंतांचा अख्खा संच रंगमंचावर आला आणि कृष्णवर्णीयांची टिंगल करणारा हा मिन्स्ट्रेल खेळ पुढे अनेक दशकं देशभर चालला. त्या टिंगलीत बँजो हे मुख्य हत्यार होतं. ज्यांनी ते वाद्य घडवलं त्यांच्याच नातवंडांना ते हातात घ्यायला संकोच वाटू लागला, यात नवल काय?

(मेणाचा सिलिंडर, भोंग्याचं ध्वनिमुद्रण यंत्र.)

१८९०च्या दशकात ध्वनिमुद्रित संगीत बाजारात विकलं जाऊ लागलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कलावंताने एका मोठ्या भोंग्यासमोर बसून वाजवायचं. गिटारसारखा मऊ आवाज त्यात जवळजवळ हरवून जायचा. बँजोचा टणत्कार मात्र स्वच्छ उमटायचा. म्हणून सुरुवातीच्या त्या सिलिंडरांवर बँजो भरपूर सापडतो. वेस ऑस्मन, फ्रेड व्हॅन एप्स ही त्या काळातली मोठी नावं. दोघेही गोरे.

१९२०च्या दशकात कंपन्यांनी तबकड्यांच्या याद्याच वेगळ्या केल्या. कृष्णवर्णीयांना विकायच्या त्या ‘रेस रेकॉर्ड्स’, दक्षिणेतल्या ग्रामीण गोऱ्यांना विकायच्या त्या ‘हिलबिली’. विक्रीची ही सोय पाहता पाहता संगीताची व्याख्या होऊन बसली. कृष्णवर्णीय वादक समोर आला की त्याच्याकडून ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची दुःख सांगणारी गाणी, हवी असायची. फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, आणि बँजोच्या धुना गोऱ्यांच्या यादीत. गावागावांत दोन्ही वर्णांचे लोक त्याच धुना वाजवत होते, एकमेकांकडून उचलत होते. कंपनीच्या यादीत त्याला जागा नव्हती.

चार्ली पूल हे नॉर्थ कॅरोलायनाच्या कापड गिरणीतले कामगार. १९२५ साली कोलंबियाने काढलेली त्यांची तबकडी लाखाच्या वर खपली. व्हर्जिनियातले डॉक बॉग्ज कोळसा खाणीत काम करायचे. १९२७ मध्ये ब्रन्सविक कंपनीने त्यांना न्यूयॉर्कला नेऊन आठ गाणी मुद्रित केली. बॉग्जचं वादन ऐकताना अंगावर काटा येतो. प्रत्येक सूर वेगळा टोचलेला, आवाजात खाणीतला खरखरीतपणा. ही शैली कृष्णवर्णीय वादकांना पाहून आपण उचलली, असं बॉग्जनी स्वतः मोकळेपणाने सांगितलं आहे. १९६३ साली लोकसंगीताचे गायक आणि संग्राहक माइक सीगर यांनी त्यांना नॉर्टन गावात पुन्हा शोधून काढलं आणि त्यांच्याशी झालेलं बोलणं टेप करून ठेवलं. शिष्याचा आवाज आपल्याकडे आहे. ज्यांना पाहून तो शिकला त्यांचा नाही.

(काँग्रेस ग्रंथालयाची इमारत. फिरणारी तबकडी.)

काही थोडे आवाज वाचले. १९४६ साली टेनेसीतल्या कँपेन गावात काँग्रेस ग्रंथालयासाठी, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी, ध्वनिमुद्रण करणारी मंडळी पोहोचली. तिथे तिघा कृष्णवर्णीयांचा ताफा होता: बँजोवर मर्फी ग्रिबल, फिडलवर जॉन लस्क, गिटारवर अल्बर्ट यॉर्क. बँजो म्हटलं की जगाला अर्ल स्क्रग्ज आठवतात, आणि ते योग्यच आहे. डिसेंबर १९४५ मध्ये बिल मनरो यांच्या बँडमध्ये येऊन स्क्रग्जनी तीन बोटांच्या वादनाने सगळ्यांना थक्क केलं, ब्लूग्रास या तंतुवाद्यांच्या जलद लोकसंगीताचा चेहराच बदलला. पण त्याच सुमाराला या खेड्यात ग्रिबल तीन बोटांनी वाजवत होते, वेगळ्याच चालीने. त्यांचा बँजो फिडलच्या मागे चालत नाही. तो फिडलच्या मध्ये शिरतो, ताल मोडतो, पुन्हा जोडतो. माझ्या मते अमेरिकन बँजोचं याहून थोर ध्वनिमुद्रण सापडणं कठीण आहे. ते बाजारात विकायला आलं १९८९ साली, चार दशकांनंतर.

दरम्यान वाद्य हातातून सुटत चाललं होतं. मिन्स्ट्रेलची लाज तर होतीच; शिवाय टपालाने मागवता येणारी स्वस्त गिटार आली, ब्लूज आले, लाखो लोक दक्षिण सोडून उत्तरेकडच्या शहरांत गेले.

(नॉर्थ कॅरोलायना. मेबेन गावाबाहेरचा रस्ता.)

मेबेनजवळ थॉम्पसन कुटुंब राहायचं. जो थॉम्पसन यांचा जन्म १९१८चा. आजोबा गुलामीत जन्मलेले आणि फिडल वाजवणारे, वडीलही फिडलवादक. मक्याची कणसं सोलायला शेजारीपाजारी जमायचे, काम संपलं की नाच. खोलीतलं सामान बाहेर काढायचं आणि वादकांनी दारात बसायचं, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या दोघांनाही ऐकू येतं. जो फिडलवर, चुलतभाऊ ओडेल बँजोवर. दुसऱ्या महायुद्धानंतर असे नाच बंद पडले. जो फर्निचरच्या कारखान्यात कामाला लागले आणि वाद्यं बाजूला राहिली.

१९७३ साली किप लॉर्नेल हा लोकसंगीताचा तरुण अभ्यासक त्यांना शोधत आला आणि त्याने दोघांना पुन्हा वाजवायला लावलं. १९९० मध्ये हे दोघे न्यूयॉर्कच्या नामांकित कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आले. चारच वर्षांनी एका संगीत महोत्सवाच्या वेळी रस्ता ओलांडताना मोटारीने धडक दिली आणि ओडेल गेले. तोवर ओडेलसारख्या वादकांकडे रेकॉर्डर घेऊन काही अभ्यासक जाऊ लागले होते. १९९८ मध्ये स्मिथसोनियन फोकवेज या लोकसंगीत प्रकाशित करणाऱ्या संस्थेने नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियातल्या कृष्णवर्णीय बँजोवादकांचा एक संग्रह काढला. ओडेल थॉम्पसन, डिंक रॉबर्ट्स, जॉन स्नाइप्स. यातले बहुतेक शेतात किंवा कारखान्यात राबलेले, घराच्या ओसरीवर वाजवणारे. डिंक रॉबर्ट्स गाण्याची ओळ अर्धी गातात आणि उरलेली बँजोला म्हणायला लावतात. ती एक जागा ऐकण्यासाठी संग्रह घ्यावा.

(बून शहर. विद्यापीठाचं आवार.)

एप्रिल २००५. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातलं बून शहर, अ‍ॅपलाचियन स्टेट विद्यापीठ. ब्लॅक बँजो गॅदरिंग या नावाने इथे वादक, संशोधक, वाद्य घडवणारे एकत्र आले. जो थॉम्पसन आले. आणि देशात आपणच एकटे वेडे आहोत असं समजणारे काही तरुण कृष्णवर्णीय वादक पहिल्यांदा एकमेकांना भेटले. रिअ‍ॅनन गिडन्स यांचं शिक्षण ऑपेराचं, डॉम फ्लेमन्स अ‍ॅरिझोनाहून आलेले, जस्टिन रॉबिन्सन नॉर्थ कॅरोलायनाचेच. त्यानंतर हे तिघे दर गुरुवारी संध्याकाळी मेबेनला जो यांच्या घरी जाऊ लागले.

ऐंशीच्या पुढचे जो शिकवायचे म्हणजे फक्त वाजवायचे. सूर सोडवून दाखवणं नाही, थांबून समजावणं नाही. एकच धून पुन्हा पुन्हा, आणि मुलांनी तिच्या मागे धावायचं. आपल्या तालमीत वाढलेल्या कुणालाही ही पद्धत नवी वाटणार नाही. त्यातून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला. २०१०च्या त्यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. जो फेब्रुवारी २०१२ मध्ये गेले, पण त्याआधी हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

(लाकडी सभागृह. तंबू. रात्रीची गाणी.)

आज दरवर्षी उन्हाळ्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लिफटॉपला जुन्या धुना वाजवणाऱ्यांचा मोठा मेळा भरतो. लोक तंबू ठोकून राहतात. स्पर्धा असते, पण खरी मजा तंबूतंबूंतून पहाटेपर्यंत चालणाऱ्या बैठकींत. कुणीही यावं, वर्तुळात बसावं, धून ओळखीची असेल तर वाजवावं. जमणारे बहुतांश गोरे. आणि जागा? कँप वॉशिंग्टन-कार्व्हर. १९४२ साली कृष्णवर्णीय मुलांच्या शिबिरांसाठी उभारलेली वास्तू, चेस्टनटच्या ओंडक्यांचं प्रचंड सभागृह असलेली. तिथे वाजवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

२०२४ मध्ये बियॉन्सेच्या ‘टेक्सस होल्डेम’ या गाण्याच्या सुरुवातीला बँजो वाजला आणि तो वाजवला होता रिअ‍ॅनन गिडन्स यांनी. कंट्री, म्हणजे जुन्या ‘हिलबिली’च्याच वारशातल्या, गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. कंपन्यांनी शंभर वर्षांपूर्वी आखलेली रेघ एका गाण्याने पुसली जात नाही. पण कोट्यवधी लोकांनी बँजो एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या हातून ऐकला. एप्रिल २०२५ मध्ये गिडन्स यांनी डरहॅम शहरात बिस्किट्स अँड बँजोज हा महोत्सव भरवला आणि चॉकलेट ड्रॉप्स पुन्हा एकत्र रंगमंचावर आले.

त्याच महिन्यात गिडन्स आणि जस्टिन रॉबिन्सन यांचा फक्त फिडल आणि बँजोचा अल्बम निघाला. स्टुडिओत न जाता त्यांनी तो उघड्यावर मुद्रित केला, काही धुना जो थॉम्पसन यांच्या घरापाशी. मागे सिकाडा किड्यांचा गजर सतत ऐकू येतो, तो त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला आहे. ऐकायला सुरुवात इथून करा. मग मागे जा: जो आणि ओडेल, डिंक रॉबर्ट्स, आणि सर्वांत शेवटी कँपेन गावातले मर्फी ग्रिबल. त्यांना इयरफोन लावून ऐका, म्हणजे अंगठा त्या आखूड तारेवर नेमका कधी पडतो ते कळेल.