लावा दहा मिनिटांचा, सॉस दोन दिवसांचा

(नौपाड्यात डिसेंबरातल्या एका संध्याकाळी स्वयंपाकाची आवड असलेल्या मंडळींसमोर केलेलं भाषण. बोलताना आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

नमस्कार मंडळी. आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी आयुष्यात पहिल्यांदा लावे, म्हणजे ते छोटे पक्षी, शिजवले ते कुकरमध्ये. तीन शिट्ट्या.

मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी जेवायला येणार होती. कोंबडी काय, सगळेच करतात, आपण काहीतरी वेगळं करू, म्हणून मी लावे आणले. कुकर उघडला तर मांस हाडांपासून सुटून रश्श्यात तरंगतंय आणि तळाशी सुयांसारख्या बारीक हाडांचा खच. आता परत काही करायला वेळ नव्हता, तसंच वाढलं. व्याही शांतपणे ताटाच्या कडेला एकेक हाड मांडत होते. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, “विहीणबाई, मासळी कुठली म्हणायची ही?”

हसा, हसा. मुलगी अजून हसते. पण त्या रात्री भांडी घासताना माझ्या डोक्यात जे आलं तेच आज सांगायला आले आहे. आम्ही सीकेपी. आमच्याकडे मटणाला तासनतास मंद आचेवर ठेवायची सवय, आणि ‘कच्चं राहिलं नाही ना?’ ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची. बोकडाला ती रीत शोभते. लाव्याची ती हत्या आहे, आणि दुसऱ्यांदा केलेली.

पक्ष्याचा आकार बघा. पोल्ट्रीतला लावा पाच-सहा आठवड्यांत कापायला तयार होतो. साफ केल्यावर दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे आपल्या मुठीएवढा. अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. छातीचं मांस माझ्या दोन बोटांएवढं जाड. त्याला शिजायला वेळ लागणार तरी कुठून? कोंबडीत पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर पोटात चरबी आहे, कातडी जाड आहे, ती सांभाळून घेते. लावा सांभाळून घेत नाही. दोन मिनिटं जास्त झाली की छाती खडूसारखी कोरडी.

म्हणून या बेतात वेळ कुठे घालवायचा हे आधी ठरवायचं. पक्ष्यावर घालवायचा नाही. तो सगळा संत्र्याच्या सॉसवर घालवायचा.

आता मधेच एक गोष्ट सांगून घेते, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. जंगलातला लावा खायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, रानातल्या लाव्यांची शिकार हा गुन्हा आहे. गावाकडून कुणी पिशवीतून आणून देतो म्हणाला तर नाही म्हणायचं. आपण खातो तो जपानी लावा, पाळलेला. तो १९७४ साली उत्तर प्रदेशात इज्जतनगरला संशोधनासाठी आणला गेला आणि तिथून देशभरच्या पोल्ट्रीवाल्यांकडे पसरला. पक्षी परदेशी असला तरी आपल्याला लाव्याचं कौतुक जुनंच आहे. पक्ष्यांच्या मांसात लावा सगळ्यांत हितकर, असं चरकसंहितेत सांगितलंय. पचायला हलका म्हणून. तेव्हा पाहुण्यांना ‘हे आयुर्वेदिक आहे’ असं सांगायचं असेल तर सांगा, मी काही अडवणार नाही.

मिळतो कुठे? तुमच्या नेहमीच्या चिकनवाल्याला दोन-तीन दिवस आधी सांगायचं. बहुतेक वेळा गोठवलेला येतो. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून हळूहळू वितळवायचा. गरम पाण्यात बुडवायचा नाही. आणि जाताजाता त्याच दुकानातून अर्धा किलो कोंबडीचे पाय मागून घ्यायचे. पंजे. चेहरे करू नका, त्याचं सांगते पुढे.

आठ माणसांना सोळा लावे. मुख्य पदार्थ असेल तर माणशी दोन लागतातच. आधी कात्री घ्यायची, मासळी कापायची असते ना, ती मजबूत. लावा छाती खाली करून ओट्यावर ठेवायचा आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी शेपटाकडून मानेपर्यंत कापत जायचं. कच्च्या फांदीसारखा बारीक करकर आवाज येतो. कणा निघाला की पक्षी उलटा करून तळव्याने छातीवर दाबायचं. एक ‘कट्‌’ ऐकू येतं आणि तो पुस्तकासारखा उघडा पडतो. आता सगळीकडे जाडी सारखी झाली, म्हणजे तव्यावर सगळा एकदमच शिजणार. कापलेले कणे, माना, पंखांची टोकं फेकायची नाहीत. तेच आपलं भांडवल.

ही हाडं आदल्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर चांगली लाल होईपर्यंत परतायची. लाल म्हणजे लाल, बदामी नव्हे. मग कांदा, गाजर, आठ-दहा मिरे, एक तमालपत्र, ते कोंबडीचे पंजे आणि दोन लिटर पाणी. फेस काढत मंद आचेवर दीड-दोन तास. मीठ अजिबात नाही, कारण पुढे हे पाणी खूप आटवायचंय, आता घातलेलं मीठ तेव्हा तोंडात चटकन लागेल. पंजे कशाला, तर त्यांत जिलेटिन भरपूर असतं. गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी तो स्टॉक जेलीसारखा थरथरतो. वरची चरबी चमच्याने खरवडून काढायची. हॉटेलातल्या सॉसला जी चकाकी असते, जो ओठाला किंचित चिकटतो, ती कॉर्नफ्लॉवरची करामत नसते. पंजांची असते. कॉर्नफ्लॉवर घालून मंचुरियन होतं.

आता संत्र्याकडे येते, कारण माझं खरं प्रेम तिथे आहे.

फ्रेंच लोकांचं बदक आणि संत्र्याचा सॉस हे जोडपं जगभर प्रसिद्ध आहे. पण मुळात त्यांनी त्यात वापरलं ते आपण सोलून खातो ते गोड संत्रं नव्हे. ते होतं बिगाराद, कडू नारिंग, ज्याचा इंग्रज मुरंबा करतात. गंमत म्हणजे ‘नारंग’ हा शब्द संस्कृतातून फारसीत गेला, तिथून अरबीत, मग युरोपात पोहोचला. स्पॅनिशमध्ये त्याचा ‘नारांहा’ झाला आणि फ्रेंचमध्ये ‘ओरांज’. म्हणजे तुम्ही ‘ऑरेंज सॉस’ म्हणता तेव्हा आपलाच नारंग परदेश फिरून परत येतोय.

मुद्दा असा की तो सॉस तीन पायांवर उभा आहे. गोड, आंबट आणि कडू. आपण नागपुरी संत्र्याचा रस आटवला की होतो नुसता गोड सरबताचा पाक. पाहुणे ‘छान’ म्हणतात आणि दुसरा घास घेत नाहीत. म्हणून आंबट आणि कडू आपल्याला बाहेरून आणावं लागतं.

नागपुरी संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. माझ्या जिभेला सॉससाठी आंबियाची बरी, ती जरा आंबूस असतात. मुलगी वाशीला राहते, तिच्याकडे गेले की एपीएमसीच्या फळबाजारातून पेटीच उचलते. डझनाच्या हिशेबात परवडत नाही आणि सॉस करून संत्री उरली तर ती खाता येतात. सोळा लाव्यांना सहा-सात संत्र्यांचा रस पुरतो, साधारण दोन कप.

रस काढण्यात मात्र शहाणपण आहे. मिक्सरमध्ये फोडी फिरवायच्या नाहीत. मोसंबीचा रस काढून ठेवला आणि तासाभराने प्यायला, तर कडू लागतो, हा अनुभव इथे कुणाला नाही? ते लिमोनिन. फोडीच्या पापुद्र्यात आणि बियांत त्याचं आधीचं रूप असतं, त्याला कडूपणा नसतो. रसातल्या आंबटपणाशी गाठ पडली की हळूहळू त्याचं कडू लिमोनिन बनतं. संत्र्यातही हेच होतं. मिक्सरने बिया भरडल्या की संपलंच. हाताने हलकेच पिळायचं, गाळायचं आणि लगेच आचेवर ठेवायचं. म्हणाल, आत्ताच तर कडू हवं म्हणालात! हवं, पण सालीच्या तेलाचं, सुगंधी. औषधाच्या गोळीसारखं घशात रेंगाळणारं नको.

साल किसायची ती संत्रं अख्खं असतानाच. नागपुरी संत्र्याची साल सैल, सोलल्यावर किसणीवर तिची नुसती घडी होते. नारिंगी थर तेवढा किसायचा, पांढरं दिसलं की थांबायचं. आणि माझी एक चोरवाट आहे, ती सांगून टाकते. कडू संत्र्याच्या मार्मालेडची, म्हणजे त्या इंग्रजी मुरंब्याची, बाटली मिळते, त्यातला एक मोठा चमचा. जो कडूपणा नागपूर देत नाही तो कडू संत्र्यांचं स्पेनमधलं सेव्हिल देतं. ईडलिंबू मिळालं तर आंबटाला त्याचा रस घाला, नाहीतर आपलं कागदी लिंबू आहेच.

सॉसची सुरुवात साखरेने. जाड पातेलीत चार मोठे चमचे साखर कोरडीच वितळू द्यायची, चमचा घालायचा नाही, पातेली फिरवायची. आधी कडेला पाणी सुटतं, मग पिवळं, मग मध. इथे सगळेजण घाबरून गॅस बंद करतात. थांबा अजून. जुन्या तांब्याच्या हंड्याचा रंग आला आणि किंचित धूर उठायला लागला की तेवढ्यात चार चमचे व्हिनेगर. तोंड बाजूला ठेवून, कारण ते फसफसून उसळतं आणि वाफ नाकात जाते. साखर दगडासारखी घट्ट होईल, घाबरू नका, मंद आचेवर परत विरघळते. मग संत्र्याचा रस, तो निम्मा होऊ द्यायचा. मग सगळा स्टॉक, आणि पुन्हा आटवायचं, दीड कप राहीपर्यंत. चमच्याच्या पाठीवर सॉस घेऊन बोटाने रेघ ओढायची. रेघ जागच्या जागी राहिली की झालं. इथवर दुपारी करून ठेवता येतं.

लाव्यांना दुपारी मिठाच्या पाण्यात तासभर ठेवायचं, लिटरला चाळीस ग्रॅम मीठ. मग फडक्याने खणखणीत कोरडे करून फ्रिजमध्ये उघडेच ठेवायचे. कातडी ओली असेल तर ती भाजत नाही, उकडते. आलं-लसूण नको, हळद तर नकोच. ओल्या मसाल्याने तव्यावर कातडीच्या आधी मसालाच जळतो.

पाहुणे टेबलावर बसले की मगच बीडाचा तवा तापवायचा. थोडं तेल, थोडं तूप. लावे कातडीच्या बाजूने खाली, आणि वर वजन. मी पाट्यावरचा वरवंटा फॉईलमध्ये गुंडाळून ठेवते, एका वरवंट्याखाली दोन लावे बसतात. आईच्या वरवंट्याचं असंही होतंय. चार-पाच मिनिटं, मग उलटून दोन-तीन मिनिटं. थर्मामीटर असेल तर मांडीच्या सांध्यापाशी चौऱ्याहत्तर अंश झालं की उतरवायचं. लाव्याचं मांस कोंबडीपेक्षा मुळातच गडद असतं, तेव्हा रंगावरून कच्चं ठरवून परत तव्यावर टाकू नका. ताटलीत चार मिनिटं विसावा द्यायचा. दोन तवे असले तर सोळा लावे अर्ध्या तासात होतात, आणि तेवढा वेळ पाहुण्यांना सूप द्या.

तेवढ्यात सॉस गरम करून गॅस बंद. मग किसलेली साल, मार्मालेड, लिंबू, मीठ आणि थंड लोण्याचे तुकडे, एकेक करून, ढवळत. उकळलं की लोणी फुटतं. सॉस ताटलीत आधी, लावा त्याच्यावर, कातडी वर. वरून ओतलात तर सगळा दिवसभराचा कुरकुरीतपणा गेला पाण्यात.

बरोबर काय, असं विचारलंय कुणीतरी. लोणी घातलेला बटाटा, वाफवलेली फरसबी, पाव. भात नको, सॉस भातात हरवतो. आणि काटा-सुरी ठेवा, पण बाजूला कोमट पाण्याची वाटी लिंबाच्या चकतीसकट ठेवा, कारण तंगडी हातानेच खायची असते. पाहुणे संकोच करतील, तेव्हा यजमानाने पहिली तंगडी उचलायची.

हो, तुमचा प्रश्न. व्याह्यांना पुन्हा बोलावलं का? बोलावलं, दोन वर्षांनी. सहा लावे एकट्याने संपवले आणि निघताना दारात चपला घालताना म्हणाले, “त्या वेळची मासळी चांगली होती, पण ही जास्त ताजी आहे.”