लायब्ररीतल्या ई-बुकला वेटिंग कशाला?

नमस्कार मंडळी! आधी हे बघा. (पुस्तक कॅमेऱ्याजवळ धरून) लायब्ररीचं पुस्तक आहे, कोणतं ते सोडा, शेवटचं पान बघा. इथे ही तारखांची चिठ्ठी चिकटवलीये, जांभळे शिक्के, काही तिरके, काही एकावर एक बसलेले. काल बसून मोजले, 61 निघाले. म्हणजे हे एकच पुस्तक निदान 61 वेळा कुणाच्या तरी घरी जाऊन परत आलंय, पाठीला चिकटपट्टी लागलीये, मधलं एक पान सुटायला आलंय, पण वाचता येतंय ना, मग झालं.

आता हा माझा फोन. लायब्ररीचंच ॲप, एक ई-बुक हवं होतं, तर स्क्रीनवर काय? 'प्रतीक्षा यादीत तुमचा क्रमांक 43'. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसूच आलं मला. अरे फाईल आहे ना ती, हव्या तेवढ्या कॉप्या होतात, मग रांग कसली?

तर गंमत अशी आहे की कागदी पुस्तक लायब्ररीने एकदा विकत घेतलं की ते तिचं झालं. कितीही जणांना द्या, बाइंडिंग करून परत कपाटात ठेवा, 50 वर्षं ठेवा, कुणी विचारत नाही. ई-बुक मात्र लायब्ररी बहुतेक वेळा विकत घेतच नाही, तिला मिळतं ते फक्त लायसन्स. भाड्याचं घर समजा. आणि घरमालकाच्या अटी असतातच, त्यातली सगळ्यात कॉमन म्हणजे एका लायसन्सवर एका वेळी एकच वाचक. फाईलला कुलूप घातलेलं असतं, डीआरएम म्हणतात त्याला, मुदत संपली की तुमच्याकडे ती उघडायची बंद होते आणि पुढच्याचा नंबर लागतो. आता माझ्यापुढे 42 जण, समजा 3 लायसन्स, प्रत्येकाला 2 आठवडे, आणि सगळ्यांनी पूर्ण मुदत वापरली, तर 28 आठवडे! म्हणजे सहा महिन्यांच्या वर, तोवर मला ते पुस्तक का हवं होतं हेच मी विसरलेली असेन.

बरं, हे झालं साधं भाडं. 2011 मध्ये हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशकाने लायब्ररींना सांगितलं की आमचं ई-बुक 26 वेळा दिलंत की लायसन्स खलास, परत घ्या. 26 का, तर दोन-दोन आठवड्यांची 26 वाचनं म्हणजे एक वर्ष, असा हिशोब. आता हे माझं 61 शिक्क्यांचं पुस्तक त्या हिशोबात बसवून बघा, लायब्ररीला ते आत्तापर्यंत तीनदा घ्यावं लागलं असतं. काही प्रकाशक वेळा मोजत नाहीत, 2 वर्षांची मुदत देतात, कुणी वाचो न वाचो, मुदत संपली की कपाटातून गायब. आणि मॅकमिलनने तर नोव्हेंबर 2019 पासून नियमच केला होता की नवीन ई-बुक आलं की पहिले 8 आठवडे लायब्ररीला एकच कॉपी, मग तुमची लायब्ररी अख्ख्या महानगराची का असेना. लायब्ररीवाले भडकले, काहींनी बहिष्कार टाकला, शेवटी मार्च 2020 मध्ये तो मागे घेतला.

प्रकाशकांचं अगदीच चुकतं असं नाही हं. ई-बुक झिजत नाही, पलंगावरून न उठता मिळतं, मग विकत कोण घेणार ही भीती खरी आहे, लेखकाला पैसे मिळायलाच हवेत. पण त्याला वेगळे रस्ते आहेत, डेन्मार्कमध्ये 1946 पासून लायब्ररीतल्या पुस्तकांबद्दल लेखकांना सरकारी पैसा मिळतो. वाचकाला रांगेत उभं करणं हा मला तरी आळशी उपाय वाटतो.

आणि कुणी म्हणेल की आम्ही विकत घेतो, आम्हाला काय फरक पडतो, तर 2019 आठवा. मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकान बंद केलं आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकं पण गेली. पैसे परत दिले, मान्य, पण पुस्तक गेलंच ना? म्हणून मला वाटतं की डिजिटल काळात लायब्ररीचं खरं काम नुसती वायफाय देणं नाही (ते पण लागतंच, ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही त्याला विचारा), जपून ठेवणं हे आहे, आणि नेमकं तेच भाड्याच्या पुस्तकांमुळे तिला जमेनासं झालंय.

लायब्ररी स्वतः सुरक्षित आहे असंही नाही बरं का. ऑक्टोबर 2023 मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर, म्हणजे ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रंथालयावर, सायबर हल्ला झाला, ऑनलाइन कॅटलॉग जानेवारी 2024 पर्यंत बंद. पुस्तकं जागेवर, कपाटं जागेवर, पण कुठलं कुठे आहे हे सांगणारी यादीच अडकली!

आता तुमच्या-माझ्या हातातलं. वाचून झालं की मुदत संपायची वाट बघू नका, ॲपमध्ये 'परत करा' असतं ते दाबा, मागचा माणूस लगेच पुढे सरकतो. आणि नुसतं चाळायला पूर्ण पुस्तक काढू नका, नमुना पानं असतात ती बघा, कारण मोजून दिलेल्या लायसन्समधलं एक वाचन तुम्ही उघडून मिटलंत तरी खर्ची पडतं.

(फोन बघून) अरे वा, 41 झाला नंबर! दोघांनी परत केलं वाटतं. हे कागदाचं मलाही उद्याच द्यायचंय, 62वा शिक्का बसायचाय त्याच्यावर.