दोन घड्याळांचं बाळ

मघाशी कुणीतरी विचारलं, अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला दिसतं का? उजेड आल्याची वर्दी त्याच्या मेंदूपर्यंत पोचते, एवढं नक्की. पण ज्याला आपण ‘दिसणं’ म्हणतो, तसं त्यात अजून फारसं काही नसतं.

हे कळतं कसं? बाळाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारे इलेक्ट्रोड लावायचे आणि प्रकाशाचे झोत टाकायचे. पापण्या मिटलेल्या असल्या तरी चालतं, त्या पातळ असतात. एका झोताचं उत्तर मेंदूच्या स्वतःच्या गडबडीत हरवून जातं, म्हणून अनेक उत्तरांची सरासरी काढतात. मोठ्या माणसाला काळ्यापांढऱ्या चौकटी आलटूनपालटून दाखवल्या की साधारण १०० मिलिसेकंदांत ठळक लहर उमटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात झोतानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी एक मोठी ऋण लहर येते, आणि तीच काय ती मुख्य. पूर्ण दिवस भरेपर्यंत २०० मिलिसेकंदांच्या आसपासची धन लहर पुढे येते. हा उशीर समजण्यासारखा आहे. मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण अजून चढलेलं नसतं, आणि थॅलॅमसकडून, म्हणजे डोळ्यांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूतल्या खोल केंद्राकडून, येणारे तंतू चोविसाव्या आठवड्याच्या सुमाराला कुठे मेंदूच्या बाह्यपटलात शिरू लागलेले असतात.

माझ्या मते खरी गंमत लहरीच्या वेगापेक्षा तिच्या रूपात आहे. या बाळांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखात, ‘डेल्टा ब्रश’ दिसतात, म्हणजे एक संथ मोठी लाट आणि तिच्यावर स्वार झालेल्या बारीक जलद लहरी. हे ब्रश आपोआपही उमटत असतात. अठ्ठावीस-तीस आठवड्यांच्या बाळावर झोत टाकला, तर दृष्टिकेंद्रातून उत्तर म्हणून नेमका तसाच ब्रश येतो. उंदराच्या गर्भाचा डोळा उजेड नसतानाही स्वतःहून मेंदूकडे संदेश पाठवतो, हे गाल्ली आणि माफ्फेई या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं. म्हणजे अंधारात तालीम चालू असते, आणि लवकर आलेल्या बाळाचा मेंदू खऱ्या उजेडालाही त्या तालमीचाच भाग समजतो! दिवस भरत येतात तसं हे बदलतं. ब्रशसारखा लांबलचक स्फोट थांबतो आणि आटोपशीर, नेमकं उत्तर सुरू होतं. कोलोनीज आणि खाझिपॉव्ह या संशोधकांच्या गटाने २०१० मध्ये हा बदल माणसाच्या बाळांत नोंदवला. उंदराच्या पिल्लांत तो डोळे उघडण्याच्या जरा आधी होतो.

मग लवकर जन्मल्याने, जास्त दिवस उजेड मिळाल्याने सगळं लवकर होतं का? झोताचं उत्तर बहुतांशी गर्भधारणेपासूनच्या आठवड्यांवर चालतं. जन्म आधी झाला म्हणून ते घाई करत नाही. दोन डोळ्यांच्या प्रतिमा एकत्र आणण्याचं काम मात्र निराळं निघालं. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की अपुऱ्या आणि पूर्ण दिवसांच्या दोन्ही बाळांत ही क्षमता जन्मानंतर चारेक महिन्यांनीच दिसू लागते. एक घड्याळ गर्भधारणेपासून चालतंय, दुसऱ्याला किल्ली मिळते ती जन्माच्या वेळी.

हे ऐकलं की आईबाबा विचारतात, मग चित्रं, दिवे, खेळणी लवकर दाखवू का? संशोधक रॉबर्ट लिक्लायटर यांनी १९९० मध्ये बॉबव्हाइट क्वेल पक्ष्याच्या अंड्यांवर केलेला प्रयोग इथे सांगतो. कवचाचा थोडा भाग काढून पिल्लाला वेळेआधी दृश्य अनुभव दिला. त्याची नजर लवकर तयार झाली, पण आपल्या जातीच्या आईची हाक ओळखण्यात ते मागे पडलं. पिल्लू म्हणजे बाळ नव्हे, हे मान्य. तरी ऐकणं आधी तयार होतं आणि पाहणं मागून, हा क्रम आपल्याकडेही आहे.

उलट टोक, म्हणजे उजेड अडवून ठेवणं, तेही कामाचं नाही. उजेडामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना डोळ्यातल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार, म्हणजे आरओपी, होतो अशी शंका होती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४०९ बाळांपैकी निम्म्यांच्या डोळ्यांवर उजेड अडवणारे चष्मे लावले. आजाराचं प्रमाण कमी झालं नाही.

घरच्यांसाठी एकच कामाची गोष्ट. झोताच्या तपासणीचा अहवाल हाती आला, की त्यात बाळाचं कोणतं वय धरलंय ते आधी विचारा. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ दहा आठवड्यांचं झालं, तर त्याची झोत-लहर पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाशी ताडायची, अडीच महिन्यांच्या बाळाशी नाही. आणि लहर चांगली आली, म्हणजे पुढे नजर चांगलीच असेल, असंही धरून चालू नका. डोळ्यांची तपासणी ठरल्या वेळी करायचीच.