साडेबाराला दार कोण उघडणार?

[पहाट. बदलापूर स्टेशन. फलाटावरचे दिवे, लांबून येणाऱ्या लोकलचा आवाज.]

पहाटेचे पावणेपाच. फलाटावर आत्ता जी माणसं उभी आहेत, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी एखादं मूल अजून झोपेत आहे. डबा भरून ओट्यावर ठेवलाय, गणवेश खुर्चीच्या पाठीवर टाकलाय. आई नाहीतर बाप निघालाय. इथून सीएसएमटी ६८ किलोमीटर.

मीही याच फलाटावर उभी असते. २०१६ च्या नोव्हेंबरात आम्ही पाटण तालुक्यातून इथं राहायला आलो. नवऱ्याला ठाण्यात काम लागलं होतं. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. मुलगी तीन वर्षांची. ज्या घरात आज भांडी पोत्यात बांधली जात असतील, टेम्पोवाल्याशी भाडं ठरत असेल, मुलं घेऊन मुंबईकडं निघालेल्या त्या घरासाठी हे सांगायचं आहे.

[गिरणगाव. चाळीचा लाकडी जिना, कठडा.]

आमच्या भागातून पूर्वी मुंबईला जायचा तो एकटा गडी. माझे आजेसासरे लालबागला गिरणीत होते. साताऱ्याकडचे, रत्नागिरीकडचे हजारो लोक असेच गिरणगावात आले. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीनं झोपायचे. जेवण खानावळवाल्या बाईकडं. बायकापोरं गावीच. पोराला बाप भेटायचा जत्रेला, एरवी मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते सगळं मोडलं. आजेसासरे ट्रंक घेऊन गावी परतले. तीस वर्षं मुंबईत काढली त्यांनी, पण मुंबईत मूल वाढवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. त्यामुळं आम्ही निघालो तेव्हा विचारावं असं घरात कुणी नव्हतं.

[बदलापूर पश्चिम. इमारतींमधली गल्ली, भाजीची हातगाडी.]

घर बघायला गेलं की एजंट दोनच गोष्टी विचारतो. बजेट किती आणि स्टेशनपासून किती मिनिटं चालेल. आम्हीही तेवढ्यावरच घर बघत होतो. तळमजल्यावरचा एक वन आरके भाड्याला बराच स्वस्त पडत होता. पोरांनी खोलीत पळापळही सुरू केली होती. खाली हातगाडीवर भाजी विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, जरा हे बघून घ्या." जिन्याखालच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, मळकट पट्टा होता. वर रंग फिक्का, खाली गडद. २६ जुलै २००५ चं पाणी. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना पाठ असतं. इथं उल्हास नदी कुठवर आली, ते या भिंतीला ठाऊक आहे. एजंट त्यावर एक शब्द बोलला नव्हता. आम्ही दुसऱ्या मजल्यावरची खोली घेतली, पैसे जास्त मोजले.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. म्हणजे दर वर्षी घर सोडायची तलवार डोक्यावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा; त्यानुसार करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. पुष्कळ मालक टाळाटाळ करतात. आपण हट्ट धरायचा, कारण हाच कागद पुढं शाळेत पत्त्याचा पुरावा म्हणून लागतो. खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा असेल तर त्याशिवाय अडतंच. त्या जागाही फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गात असतात. आमचा चौथीतला पोरगा त्यात बसलाच नाही. धाकटीसाठी मात्र कागद हाताशी होता.

[शाळेचं फाटक. घंटा. मुलांचा कल्ला.]

मी अनुदानित मराठी शाळा शोधत होते, घरापासून पायी पोचता येईल अशी. एका शाळेच्या ऑफिसात सांगितलं, "शाळा सोडल्याचा दाखला नाही, तर प्रवेश नाही." गावच्या शाळेतून दाखला यायला वेळ लागत होता. तीन आठवडे माझा मुलगा घरात बसला. खिडकीतून शाळेत जाणारी पोरं बघायचा, आणि माझ्याशी काही बोलायचा नाही. ते तीन आठवडे आजही मला लागतात, कारण ते टळू शकत होते. आमच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांनी मला कायदा समजावला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम ५ सांगतं, की सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागणाऱ्या मुलाला, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. आणि दाखला ताबडतोब देणं हे आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं काम. मास्तरांनी एका कागदावर चार ओळींचा अर्ज लिहून दिला. तो घेऊन मी पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशी पोरगा वर्गात होता.

पहिली ते आठवीतलं मूल घेऊन कुणी येत असेल, तर कलम ५ एवढं तरी पाठ करून यावं. धाकट्यांसाठी लसीकरणाचं कार्डही गावाकडच्या कपाटात राहू देऊ नका. पाच वर्षांचा बूस्टर इथल्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतो, कार्ड बघून लगेच देतात.

[वर्ग. फळा. मुलं पाठमोरी.]

शाळा सुरू झाली आणि महिन्याभरात घरात एक शब्द ऐकू येईनासा झाला. "व्हय." आमच्याकडं हाक मारली की पोरगं "व्हय" म्हणतं. तो आता "हो" म्हणायला लागला होता, आणि आधी क्षणभर थांबायचा. एकदा आजीचा गावाहून फोन आला, तर गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं आणि बोलला. मी आत उभी राहून ऐकलं. बाहेर तो मोकळेपणानं "व्हय, व्हय, जेवलुया" म्हणत होता. वर्गात कुणी हसलं असणार. त्यानं सांगितलं नाही, मी उकरलं नाही. फक्त त्या दिवसापासून घरात मी मुद्दाम गावचंच बोलायला लागले. त्याला कळलं असावं. हळूहळू गॅलरीचं दार उघडं राहायला लागलं.

[दुपार. इमारतीचा जिना. दप्तर घेऊन चढणारी दोन मुलं.]

आता जे सांगायचं आहे ते. पहिल्या वर्षी मला घाटकोपरला नोकरी लागली. नवरा पहाटे निघायचा, मी साडेसातला. शाळा सकाळची, सुटायची साडेबाराला. मी घरी पोचायची संध्याकाळी साडेसातला. साडेबारा ते साडेसात, सात तास. घर बघताना, भाडं ठरवताना, स्टेशनची मिनिटं मोजताना या सात तासांचा हिशेब आम्ही केलाच नव्हता. गावाकडं तो करावा लागत नाही. तिथं अंगणात कुणी ना कुणी असतंच.

पहिले काही दिवस किल्ली त्याच्या गळ्यात होती, काळ्या दोऱ्यात ओवलेली. नऊ वर्षांचा पोरगा दार उघडायचा, आतून कडी लावायचा आणि मला फोन करायचा, "आलो." मी दुपारी पावणेएकपासून हातात फोन धरून बसायची. एका दिवशी फोन आला नाही. मी डोंबिवलीपर्यंत रडत आले. घरी पोचले तर पोरगा दप्तरावर डोकं ठेवून झोपलेला, फोनची बॅटरी संपलेली.

त्याच संध्याकाळी मी इमारतीतल्या सगळ्या दारांवर जाऊन विचारलं. पहिल्या मजल्यावरच्या आजी चार मुलांचं पाळणाघर चालवत होत्या. पाटी नाही, जाहिरात नाही. आमच्या बरोबर खाली. म्हणाल्या, "अगं, रोज त्याची पावलं ऐकू यायची मला. वाटायचं, कुणीतरी असेल वर." पाचवं आणि सहावं मूल त्यांनी घेतलं. दुपारी गरम वरणभात, मग झोप, मग पाढे, साडेपाचला खाली खेळायला. अंबरनाथ, बदलापूर, कल्याण, डोंबिवली, या सगळ्या गावांतली नोकरी करणाऱ्यांची घरं अशाच आज्यांच्या आणि पोळीभाजी केंद्रांच्या आधारावर उभी आहेत, असं मी मनापासून म्हणते. पुढं आमचं घर दोनदा बदललं. दोन्ही वेळा नवं घर मी आजींच्या दारापासून किती पावलं, ते मोजून घेतलं.

[पाऊस. उल्हास नदी, गढूळ पाणी.]

२७ जुलै २०१९. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. हजारावर प्रवासी. एनडीआरएफ आणि नौदलाच्या बोटींनी त्यांना बाहेर काढलं. टीव्हीवर बघताना मुलगी म्हणाली, "आई, ही आपली गाडी आहे." खरंच आमचीच गाडी. कल्याणला बसायचं, पहाटे कराडला उतरायचं. त्या दिवशी पाणी आमच्या गल्लीतही आलं, आणि जो वन आरके आम्ही सोडला होता त्यात शिरलं.

[संध्याकाळ. फलाट. महिलांचा डबा, शेजारी जनरल डबा.]

त्याच दिवाळीत गावी निघालो. मुलाला ऑक्टोबरात बारा पूर्ण झाली होती, आणि बारा वर्षांपर्यंतचाच मुलगा महिलांच्या डब्यात आईबरोबर बसू शकतो. तोवर कधी विचारही केला नव्हता. नवरा ठाण्याहून परस्पर कल्याणला येणार होता. लोकल लागली. मुलगा म्हणाला, "मी पलीकडच्या डब्यात चढतो." मी दारात उभी राहिले. अंबरनाथ आलं, बाहेर वाकून बघितलं, त्यानं हात केला. उल्हासनगरला केला. विठ्ठलवाडीला दिसला नाही. कल्याणला उतरले तर तो आधीच फलाटावर उभा होता, बहिणीची बॅग घ्यायला हात पुढं केलेला.

[इमारतीच्या खाली थांबलेला टेम्पो. गाद्या, पंखा, सायकल.]

गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावर लातूरकडचं कुटुंब राहायला आलं. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि सहा-सात वर्षांची मुलगी सायकल कुणाला हात लावू देत नव्हती. तिच्या आईनं मला विचारलं, "ताई, स्टेशन इथून किती लांब?"

मी म्हटलं, "स्टेशन सांगते नंतर. पाणी सकाळी साडेसहाला येतं, पावणेआठला जातं. आणि आधी वर चल, आजींची ओळख करून देते."