तहानेआडचा आजार

पडद्यावर दिसतो आहे तो मेंदूचा एमआरआय. कवटीच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात निरोगी माणसाला सहसा एक पांढरा ठिपका दिसतो. या प्रतिमेत तो नाही. तेथे साठणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक कमी पडले की मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत, दिवसाला 3 लिटरहून अधिक लघवी होते आणि तहान रात्रीही झोपू देत नाही. रक्तातली साखर मात्र योग्य प्रमाणात असते. डेस्मोप्रेसिन या व्हॅसोप्रेसिनसारखे काम करणाऱ्या औषधाने तहान आटोक्यात येते आणि अनेकदा तपास तेथेच थांबतो. आमच्या मते तो तेथे थांबता कामा नये, कारण अशा तहानेआड कधीकधी एर्डहाइम-चेस्टर नावाचा आजार असू शकतो.

आता पाहा पायांचा बोनस्कॅन. शिरेतून दिलेले किरणोत्सर्गी द्रव्य हाडात जेथे घडामोड अधिक, तेथे साचते. येथे दोन्ही गुडघ्यांच्या वर आणि खाली, मांडीच्या व नडगीच्या हाडांत, डावीउजवीकडे सारखेच गडद पट्टे उमटले आहेत. असे साम्य दिसले की जाणकार डॉक्टरांना याच एर्डहाइम-चेस्टर आजाराची आठवण होते. पायांचे हे दुखणे तहानेनंतर कित्येक वर्षांनीही सुरू होऊ शकते, त्यामुळे दोन्हींचा संबंध कोणी जोडत नाही.

याकोब एर्डहाइम हे व्हिएन्नातील विकृतिशास्त्रज्ञ आणि विल्यम चेस्टर हे त्यांच्याकडे काम करणारे अमेरिकी डॉक्टर. 1930 साली या आजाराचे पहिले दोन रुग्ण नोंदवले गेले. या आजारात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या फेसाळ पेशी म्हणजे चरबीने भरलेले हिस्टिओसाइट, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार होत. हा दाह आहे की कर्करोग, हा वाद पुढे अनेक दशके चालला. 2012 साली पॅरिसच्या संशोधकांना निम्म्याहून अधिक रुग्णांच्या पेशींत बीआरएएफ या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकातील एकच ठरावीक बदल सापडला, आणि 2016 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हा आजार रक्तपेशींच्या अर्बुदांत (ट्यूमरमध्ये) गणला गेला.

सीटी स्कॅनमध्ये मूत्रपिंडांभोवती केसाळ कड दिसते, महारोहिणीवर, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीवरही वेढा चढलेला दिसतो. हृदय किंवा मेंदू त्याच्या तावडीत सापडला तर आजार जीवघेणा ठरू शकतो.

बायॉप्सीत हा जनुकबदल आढळला, तर मुळात मेलेनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी बनवलेले व्हेम्युराफेनिब हे औषध देता येते. अमेरिकेत या आजारासाठी त्याला 2017 साली मान्यता मिळाली. त्याने हाडांतील व मूत्रपिंडांभोवतीची वाढ ओसरू शकते, परंतु पियूषिकेचे गमावलेले काम बहुधा परत येत नाही आणि डेस्मोप्रेसिन घेत राहावे लागते.