केरात सापडलेला केरू

(पडद्यावर: मोडी लिपीतलं जुनं बाड. कडा झिजलेल्या. एक बोट ओळीवरून सरकत एका नावापाशी थांबतं.)

हे नाव वाचा. केरू.

घराण्याची वंशावळ जुळवायला बसलेला माणूस इथे हमखास अडखळतो. वरच्या पिढीत राघोजी, खालच्या पिढीत विठोजी, आणि मधेच केरू. पोटच्या पोराला कुणी केर म्हणतं का?

म्हणत होते. जीव अडकलेला असायचा म्हणून म्हणत होते.

ज्या घरात आधीची मुलं लागोपाठ दगावली, तिथे नवं बाळ जन्मलं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचे. शेजारीण ते उचलून आणायची. मला हे केरात सापडलं, असं सांगायची. मग आई तिला पसाभर धान्य द्यायची आणि स्वतःचंच बाळ विकत घ्यायची. हे सगळं सटवाईला दिसावं, काळाला दिसावं, यासाठी. टाकून दिलेलं पोर आहे, याला नेऊन काय करणार?

त्यातून केरू, कचरू, उकर्डा ही नावं आली. दगडासारखा टिकावा म्हणून दगडू आणि धोंडू. भीक मागून आणलेल्या कापडाचं अंगडं ज्याला शिवलं, तो भिकाजी. मुलगी समजून काळानं सोडून द्यावं म्हणून मुलाचं नाक टोचायचे, त्यात नथ घालायचे. तो झाला नथू. देवी, पटकी, दुष्काळ, पुढे 1896 सालापासून प्लेग. त्यातल्या बहुतेक आईबापांपर्यंत लस पोचली नव्हती. नाव होतं.

ही चाल एका जातीची नव्हती, नुसत्या गरिबाघरचीही नव्हती. लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे, महर्षी धोंडो केशव कर्वे, पुण्याचे दगडूशेठ हलवाई, निजामाविरुद्ध लढलेल्या मराठवाड्याच्या दगडाबाई शेळके. आपण ही नावं इतकी आदरानं घेतो की त्यांतला दगड आणि केर आता ऐकूही येत नाही.

काही नावं नवसाची. मालोजीराजे भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. घराण्यात पिराजी किंवा फकिरा सापडला, तर आसपास कुठला दर्गा आहे ते आधी पाहा.

(पडद्यावर: त्र्यंबकेश्वर. तीर्थोपाध्ये कापडात गुंडाळलेली वही सोडताहेत.)

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, पैठण, काशी. तीर्थाला आलेल्या माणसाकडून उपाध्ये बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव लिहून घ्यायचे. जुने लेख मोडीत आहेत. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, म्हणून वाचताना घाई करू नये. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. हे दोन शब्द ओळखता आले की अर्धी वाट सरते. आणि एक सांभाळायचं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. त्यामुळे तुम्हाला सापडलेला केरू कदाचित केरात कधीच निजला नसेल, नुसता आज्याचं नाव चालवत असेल. मागे जायचं, पहिला केरू मिळेपर्यंत.

मुलींचं मात्र वेगळं. वरवर पाहता नकोशी, नकुसा ही नावंही केरूच्याच जातकुळीतली वाटतात. पण केरूच्या आईला तो हवा होता, म्हणून तिनं खोटं सांगितलं. नकोशीच्या घरानं खरं ते सांगितलं. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली. त्यांच्या आधीच्या कित्येक नकोशी वंशावळीत शोधून मिळणार नाहीत, कारण वंशावळ मुलग्यांचीच लिहिली जायची.

(पडद्यावर: तहसील कार्यालयाची अभिलेख खोली. कोतवाल बुकाचं पान.)

त्या मिळाल्या तर इथे मिळतील. इंग्रजी अमदानीत गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी व्हायच्या, त्या या कोतवाल बुकात. अमक्यास मुलगा झाला. अमक्यास मुलगी झाली. बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बारसं व्हायचं असतं. बापाचं नाव धरून एकेक पान मागे जा. आधीचे जन्म दिसतील, आणि मग मयतांच्या रकान्यात तीच बाळं पुन्हा भेटतील.

केरूच्या आधीची ही भावंडं कुठल्याच वंशावळीत नाहीत. त्यांच्यासाठी चौकटी काढा. नाव नसेल तर नुसतं ‘मुलगा’ लिहा, ‘मुलगी’ लिहा, पुढे तारीख घाला. आणि मग, त्यांच्या शेजारी, केरू.