सेमारंग: बंदराखालची जमीन

हे दार बघा. इंडोनेशियातल्या सेमारंग शहरातल्या तांबाक लोरोक या कोळीवस्तीतलं. आत जायचं तर कमरेत वाकावं लागतं. बांधलं तेव्हा ते बुटकं नव्हतं. भरतीचं पाणी घरात येऊ लागलं, म्हणून भर घालून जमीन उंच केली. काही वर्षांनी पुन्हा केली. छत तिथेच राहिलं.

आणि हीसुद्धा याच शहरातली दारं. लावांग सेवू, म्हणजे हजार दारं. 1904 ते 1907 या काळात उभी राहिलेली ही इमारत डच रेल्वे कंपनीची कचेरी होती. बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाल्यावर 14 वर्षांनी, 10 ऑगस्ट 1867 रोजी इंडोनेशियातली पहिली रेल्वे इथूनच निघाली. सेमारंग ते तांगगुंग, 25 किलोमीटर. पुढे हे रूळ मळ्यांपर्यंत गेले आणि साखर, तंबाखू, कॉफी बंदरावर येऊ लागली. आशियाचा साखरसम्राट म्हणून गाजलेले ओई तियोंग हाम याच सेमारंगचे.

आज ही मध्य जावाची राजधानी आहे. 2020 च्या जनगणनेत वस्ती साडेसोळा लाख. तांजुंग एमास बंदराच्या या क्रेनखालून कपडे आणि लाकडी फर्निचर परदेशी जातं. 2025 मध्ये इथलं किमान मासिक वेतन सुमारे साडेचौतीस लाख रुपिया होतं, जकार्तात जवळपास चोपन्न लाख. कारखाने इकडे का सरकतात, ते एवढ्यावरून कळतं. 2018 च्या अखेरीस द्रुतगती महामार्गानं जकार्ता आणि सुराबाया जोडले गेले. सेमारंग वाटेवरच आहे. पश्चिमेला केंदालची औद्योगिक वसाहत 2016 मध्ये सुरू झाली, सिंगापूरच्या भागीदारीत.

पण जागा घेणाऱ्यानं आधी जमीन बघावी. उत्तरेकडचं शहर नद्यांनी आणलेल्या गाळावर वसलं आहे. वर मऊ चिकणमाती, खाली पाणी धरणारे वाळूचे थर. नळाचं पाणी पुरेना, तेव्हा कारखान्यांनी, हॉटेलांनी, घरांनी खोल बोअर मारले. वाळूतल्या पाण्याचा दाब घटला की चिकणमातीतलं पाणीही हळूहळू झिरपून जातं, कणाला कण चिकटतो, थर दबतो. एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. त्यावर इमारतींचा आणि भरावाचा भार. काही भाग वर्षाला 10 सेंटीमीटरच्या आसपास खचतो. त्यापुढे समुद्राची पातळी वाढण्याचा वेग फारच थोडा.

समुद्र आत येतो, त्याला इथे ‘रोब’ म्हणतात. 23 मे 2022 रोजी बंदराजवळचा बांध फुटला, कामगार पाण्यातून चालत बाहेर आले.

आता शेजारच्या डेमाककडे जाणारा हा रस्ता समुद्रात बांधला जातोय. तोच बंधाराही होणार. मऊ चिखलावर भराव बसावा म्हणून खाली बांबूच्या चटया अंथरल्या आहेत, थरावर थर. काम थक्क करणारं आहे. पण भिंत पाणी अडवते, जमीन धरून ठेवत नाही.

म्हणून आम्ही कॅमेरा इकडे आणला. जातीबारांग धरणाचं पाणी शुद्ध करणारा हा प्रकल्प, सेकंदाला 1,000 लिटर. सरकारी आणि खाजगी पैसा एकत्र लावून उभा केलेला, 2021 पासून सुरू. या शहरात गुंतवणूक म्हणून सगळ्यात आधी हीच मोजायला हवी. हे पाणी पश्चिम सेमारंगच्या नळांना जातं. जिथे ते पोचेल, तिथेच बोअर बंद करा असं सांगता येईल.